जुन्या सागाचं काम, रंधा मशीन आणि हाताची बोटं : खान्देशातल्या सुतारकाम करणाऱ्यांनी सांगावं

गिरणाथडी
राम राम मंडळी. भडगाव तालुक्यातल्या आमच्या गावात यंदा दोन धाब्याची घरं पाडली. त्यातले सागाचे खांब, तुळया, कड्या मी विकत घेतल्या. वरून माती आणि धूर बसलेला आहे, पण कड्याचं टोक रंधून पाहिलं तर आत सोन्यासारखा गाभा निघाला. घरामागे बारा बाय वीसची पत्र्याची शेड आहे. त्यात सेकंडहँड रंधा मशीन बसवतोय. ओतीव लोखंडाचं, मधे रंधा, एका अंगाला गोल करवत, दुसऱ्या अंगाला ड्रिल, सगळं एकाच शाफ्टवर. तीन एचपीची थ्री फेज मोटर आहे. हातकाम मला येतं, पटाशी आणि हातरंधा लहानपणापासून हातात आहे. मशीन मात्र पहिलीच. भाचा मदतीला असेल, वय एकोणीस.

कानबाईच्या (आपल्या खान्देशातल्या देवीच्या सणाच्या) आधी चौरंगांच्या ऑर्डरी द्यायच्या आहेत, शिवाय एका घराचे दरवाजे आहेत. चौरंगाला कुसू (पट्टीच्या टोकाची, पायाच्या खाचेत बसणारी जीभ) काढावा की स्क्रूवर भागवावं? दारं पावसाळ्यात फुगून अडकतात त्याचं काय करता? आणि मशीन सुरू करण्याआधी काय काय करून घेऊ? शेतातल्या पंपाचा ५ एचपीचा स्टार्टर मोकळा पडलाय, ऑटोसकट, तोच लावायचा विचार आहे.

वायरमन_धुळे
भाऊ, बाकीचं नंतर वाचा, आधी तो ऑटो काढून फेका.

शेतात ऑटो कशाला लावतात? रात्री दोनला लाइट आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून. शेडमध्ये हेच घडलं तर काय होईल बघा. लाइट गेली, मशीन थांबली, तुम्ही करवतीत अडकलेला तुकडा काढायला हात घातला, आणि लाइट आली. आपल्याकडे लाइट जाण्या-येण्याचा भरवसा नाही हे तुम्हाला सांगायला नको.

ऑटो काढलेला साधा हिरव्या-लाल बटणाचा डीओएल (मोटर थेट लाइनवर सुरू करणारा) स्टार्टर उत्तम. त्यातली कॉइल लाइट गेली की सुटते, आणि लाइट आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. काही जण नुसत्या मेन स्विचवर मशीन चालवतात, त्यात ही सोय नाही. तसं करू नका.

तुमचा स्टार्टर ५ एचपीचा आहे. त्यातला ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा भाग) साडेसात अँपिअरच्या आसपास लावलेला असणार. ३ एचपीची मोटर पूर्ण भाराला साधारण ५ अँपिअरच्या आत घेते. म्हणजे ब्लेड अडकून मोटर जळायला लागली तरी तो रिले पडायचा नाही. रिले बदला आणि मोटरच्या पाटीवरच्या अँपिअरला लावा. सोबत सिंगल फेज प्रिव्हेंटर घ्या, एखादा फेज गेला की तो मोटर बंद करतो. मशीनच्या सांगाड्याला वेगळं अर्थिंग द्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) बसवा. मशीन तातडीने थांबवायचं लाल मशरूम बटण गुडघ्याच्या उंचीवर लावा, दोन्ही हात लाकडात गुंतलेले असताना मांडीने किंवा गुडघ्याने दाबता आलं पाहिजे.

कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटर चालवायची सवय आपल्याकडे शेतात सगळ्यांना आहे. करवतीला ती चालणार नाही. जोर कमी पडतो, ब्लेड लाकडात घुटमळतं, आणि घुटमळलेलं ब्लेडच तुकडा फेकतं.

डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) काम झालं, वायरी बदलल्या की दर वेळी मोटर कुठल्या दिशेला फिरते ते बघा. फेज उलटसुलट झाले तर पंप पाणी कमी देतो, एवढंच. करवत उलटी फिरली तर नट सैल होऊन ब्लेड सुटू शकतं. गार्डवर खडूने बाण काढून ठेवा.

सागवान_चोपडा
वायरमन दादांनी मोलाचं सांगितलं. मी लाकडाचं सांगतो.

धाब्याच्या घराचं लाकूड म्हणजे खिळ्यांचं घर. हाताने ठोकलेले जुने चौकोनी खिळे असतात, डोकं गंजून गेलेलं असतं आणि दांडा दीड-दोन इंच आत तसाच. वरून काहीच दिसत नाही. माती लागलेलं लाकूड थेट रंध्यावर घातलं तर पहिल्या फुटातच पात्यांना खाचा पडतात. आधी तारेच्या ब्रशने चारी बाजू घासा. मग जुन्या लाउडस्पीकरमधलं चुंबक दोऱ्याला बांधा आणि लाकडाच्या अंगालगत हळूहळू फिरवा, खिळ्याजवळ ते ओढ घेतं. खोल खिळा त्याला कळत नाही, त्यासाठी हातात धरायचा मेटल डिटेक्टर मिळतो, तो घ्याच. एका चांगल्या ब्लेडच्या पैशात येतो.

डोळ्यांनीही ओळखता येतं. सागात लोखंड असलं की भोवती निळसर काळा डाग उतरतो आणि तो रेषेच्या दिशेने वर-खाली लांबत जातो. एवढ्यात मी एक कडी हाताने रंधत होतो. वरचा थर निघाला तशी बोटभर लांब काळी रेघ दिसली, तिच्या बरोबर मधे मोहरीएवढा गंजाचा ठिपका. पटाशीने ठिपक्याभोवती अर्धा इंच खणलं, पक्कडीने धरून गोल फिरवत ओढलं, तर सव्वादोन इंचाचा खिळा आला. ठिपका दिसला की पुढे रंधा मारायचाच नाही. खणून काढा किंवा तेवढा भाग कापून टाका.

गोल करवतीवर खिळा लागला तर कार्बाइडचा दात तुटून उडतो, तो डोळ्यात गेला तर डोळा गेला. चष्मा दोघांनाही, भाच्यालाही.

एक सल्ला. जुना माल पहिल्यांदा चिरायला गोल करवत वापरूच नका. तालुक्याला परवाना असलेली सॉ मिल असेल तिथे बँड सॉवर चिरून आणा. बँड सॉचं पातं लाकूड टेबलावर खाली दाबतं, तुमच्याकडे फेकत नाही.

गिरणाथडी
ऑटो आजच काढला, स्टार्टर वायरमनकडे दिलाय. चोपडावाले दादा, चुंबकाची युक्ती करून बघितली. एकाच खांबात अकरा खिळे सापडले.

आता करवतीचं सांगा. मशीनला गार्ड नाही, विकणाऱ्याने काढून ठेवलेला. ब्लेड १२ इंची आहे.

सातपुडा_रंधा
शहाद्याहून लिहितोय. अशाच मशीनवर माझं पोट चालतं, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या मशीनचा सगळ्यात मोठा धोका कोणी बोलत नाही. शाफ्ट एकच आहे, म्हणजे तुम्ही रंधा मारत असता तेव्हा करवतही फिरत असते आणि ड्रिलचा चकही. लक्ष रंध्यावर असतं आणि मांडीशेजारी उघडं ब्लेड फिरत असतं. करवतीचं काम नसेल तेव्हा ब्लेड उतरवून ठेवा. नट खोलायला दोन मिनिटं लागतात, ती घ्या. रोज उतरवणं जमत नसेल तर वरून जाड प्लायची पेटी बसवा, बोल्टने, नुसती ठेवलेली नको.

गोल करवतीवर बोटं कशी जातात हे समजून घ्या. बहुतेकांना वाटतं की हात सरकतो आणि ब्लेडवर जातो. पुष्कळदा आधी लाकूड उडतं. चिरताना मागचा भाग मिटतो, म्हणजे लाकडातला ताण सुटून दोन्ही फळ्या ब्लेडला चिमटतात. ब्लेडचे मागचे दात खालून वर येत असतात, ते लाकूड उचलतात आणि सरळ तुमच्या पोटाकडे फेकतात. लाकूड हातातून निसटतं, आणि त्यावर दाब दिलेला हात त्याच क्षणी ब्लेडवर पडतो. जुन्या सागात ताण कमी असतो, बाभळीत आणि निलगिरीत भयंकर.

यावर उपाय म्हणजे ब्लेडच्या मागे उभी पोलादी पट्टी. नव्या टेबल सॉला ती येते, रायव्हिंग नाइफ म्हणतात. आपल्या मशीनला येत नाही, फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यावी लागते. जाडी ब्लेडच्या चकतीपेक्षा जास्त आणि दातांच्या रुंदीपेक्षा कमी हवी. दात ३.२ मिमी आणि चकती २.२ असेल तर पट्टी २.५ ची. ब्लेडच्या दातांपासून ८ मिमीच्या आत, ब्लेडच्या बरोबर रेषेत, आणि वरचं टोक ब्लेडच्या माथ्यापेक्षा फार खाली नको. तिच्यावरच वरचा गार्ड बसवता येतो. हे एवढं झाल्याशिवाय लांबीत फाडायचं काम करू नका, ऑर्डर कितीही घाईची असली तरी.

ब्लेड लाकडाच्या वर दोन-तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) दिसेल इतकंच ठेवा. फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची टेबलावरची सरळ कड) ब्लेडला समांतर आहे ना हे एकच दात पुढे आणि मागे आणून पट्टीने मोजा. मागच्या बाजूला फेन्स ब्लेडकडे केसभरही झुकलेली नको. आडवं कापताना फेन्स लावून तुकडा तिला टेकवू नका, तो तिरका होतो आणि उडतो. उभं राहायचं ते ब्लेडच्या रेषेच्या बाजूला. आणि भाच्याला नीट सांगा, पलीकडे उभं राहून लाकूड ओढायचं नाही. त्याने फक्त खालून आधार द्यायचा. पलीकडच्याने ओढलं की इकडच्याचा हात ब्लेडकडे जातो, अशी बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

रंध्याचं बघा. पात्यांचा ठोकळा चौकोनी असेल तर बदलून गोल घ्या. चौकोनी ठोकळ्याला पात्यापुढे मोठी पोकळी असते, बोट त्यात ओढलं जातं. गोल ठोकळ्यावर इजा होते, पण सहसा तेवढी खोल नाही. एका वेळी एक मिमीपेक्षा जास्त काढू नका. एक फुटापेक्षा आखूड तुकडा रंध्यावर घालायचा नाही. लाकूड पातळ असेल तर हाताने न दाबता मागे ओठ असलेल्या लाकडी ठोकळ्याने ढकला.

हातमोजे घालू नका. ब्लेड मोजा पकडतं आणि मोज्यासकट हात ओढतं. गळ्यातला रुमाल, मनगटातलं कडं, अंगठी, लांब बाही, सगळं बाहेर.

पारोळेकर
एवढं सगळं वाचून नवा माणूस घाबरून जाईल. आमच्या आबांनी चाळीस वर्षं उघड्या करवतीवर काम केलं, दहाही बोटं शाबूत. लक्ष ठेवलं की पुरे.

सातपुडा_रंधा
पारोळेकर दादा, आबांच्या हाताला माझा नमस्कार, तशी एकाग्रता सगळ्यांकडे नसते. पण लक्ष ठेवून लाकडातला ताण दिसत नाही, आणि खिळाही दिसत नाही. दुपारी पंचेचाळीस अंशात पत्र्याच्या शेडखाली चार तास उभं राहिल्यावर लक्ष किती राहतं ते तुम्हालाही माहीत आहे. मी मे महिन्यात मशीनचं काम सकाळी अकराच्या आत उरकतो. दुपारी फक्त हातकाम आणि घासकाम.

अहिराणी_माय
भाऊ, बोटे सांभाळीसन काम करज्यो. मना भाऊना दोन बोटे गयात, तवपाईन हाऊ धागा वाचताना जीव वरखाले व्हस.

परिचारिका_नंदुरबार
ताई, तुमच्या भावाचं वाईट वाटलं. अशा वेळी काय करायचं ते लिहिते, शेडच्या भिंतीवर लावून ठेवा.

आधी मशीन बंद. जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरा आणि हात छातीच्या वर उचला. हळद, चहापावडर, तंबाखू काही भरू नका, नंतर जखम साफ करायला फार त्रास होतो. त्या हातातली अंगठी लगेच काढा, सूज आल्यावर निघत नाही. बोट कातडीने लटकत असेल तर तोडू नका, तसंच सरळ ठेवून बांधा.

बोट पूर्ण तुटलं असेल तर शोधा, भुशात असतं. स्वच्छ पाण्याने हलकंच धुवा, स्पिरिट किंवा डेटॉल नको. ओल्या करून पिळलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फ-पाणी असलेल्या दुसऱ्या पिशवीत ठेवा. थेट बर्फावर ठेवलं तर पेशी मरतात, मग बोट जोडता येत नाही. रुग्णाला खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागते. १०८ ला फोन करा. बोट जोडण्याची शस्त्रक्रिया प्रत्येक दवाखान्यात होत नाही. आपल्या जवळ ती कुठे होते हे आजच चौकशी करून नंबर लिहून ठेवा, त्या दिवशी शोधत बसलात तर वेळ जातो. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका.

लाकडाच्या धुळीबद्दलही सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, मुख्यतः नाकाच्या आतल्या भागाचा कर्करोग. तोंडाला रुमाल बांधून बारीक धूळ थांबत नाही. एन९५ मास्क लावा.

सागवान_चोपडा
सांध्यांचा प्रश्न तसाच राहिलाय. चौरंगाला कुसूच काढा. स्क्रू आज घट्ट बसतो, पण दोन पावसाळ्यांत लाकूड फुगून-आटून त्याचं भोक सैल होतं आणि चौरंग डुलायला लागतो. कानबाईची स्थापना करायची त्यावर, तो डुललेला चालेल का?

कुसूची जाडी पट्टीच्या (दोन पाय जोडणाऱ्या आडव्या लाकडाच्या) जाडीच्या एक तृतीयांश. दीड इंची पट्टीला चार सूत. पायात दोन बाजूंनी दोन पट्ट्या येतात, आत दोन्ही कुसू एकमेकांना भिडतात, म्हणून टोकं पंचेचाळीस अंशात तासा. खाच कुसूपेक्षा थोडी खोल ठेवा, तळाला फेविकॉल साचायला जागा हवी. वरच्या कडेपासून निदान चार सूत लाकूड सोडून खाच घ्या, नाहीतर पायाचं डोकं फुटतं.

फेविकॉलवर सगळा भरवसा ठेवायचा नसेल तर खुंटी मारा. खाचेच्या गालातून आरपार भोक पाडा. कुसू आत घालून त्याच भोकातून ड्रिलच्या टोकाने कुसूवर खूण करा. कुसू बाहेर काढून त्याचं भोक खुणेपेक्षा अर्धा सूत खांद्याच्या (कुसू जिथे सुरू होतो त्या पायरीच्या) बाजूला पाडा. आता निमुळती खुंटी ठोकली की ती वाकत आत जाते आणि कुसूला खेचून खांदा पायाला चिकटवते. ठोकताना आवाज बदलतो, आधी पोकळ, मग घट्ट. खांद्याच्या फटीतून येणारा उजेड डोळ्यांदेखत बंद होतो. क्लॅम्प नसला तरी चालतं. खुंटी बाभळीची करा, फाडून काढलेल्या काडीची, करवतीने कापलेली रेषेत मोडते.

सागात तेल असतं, त्यामुळे जुना रंधलेला पृष्ठभाग फेविकॉल धरत नाही. ज्या दिवशी रंधाल त्याच दिवशी जोडा. शिळं झालं असेल तर ॲसिटोनने पुसून लगेच.

वरची फळी पट्ट्यांना चिकटवू नका. पट्टीच्या आतल्या अंगाला खाच घ्या आणि लहान लाकडी ठोकळ्याची जीभ त्या खाचेत बसवा, ठोकळा फळीला खालून स्क्रूने लावा. फळीला रुंदीत हलायला मोकळीक मिळते.

आणि इथे सांधा आणि बोटं यांचा संबंध येतो. चौरंगाचा पाय आठ-नऊ इंचांचा. तो आधी कापला तर पुढचं प्रत्येक काम आखूड तुकड्यावर, मशीनजवळ हात. त्याऐवजी तीन-साडेतीन फुटांच्या काठीवर चारही पाय आखा. काठी रंधा, चारही पायांच्या खाचा काठीवरच पाडा, कडा मारा, आणि सगळ्यात शेवटी हातकरवतीने चार तुकडे करा. पट्ट्यांचंही तसंच, आतली खाच लांब पट्टीवर आधी घ्या. कुसूचे गाल तर हातकरवतीनेच, चार चौरंगांचे कुसू कापायला मशीन लावण्याइतका वेळही लागत नाही.

सातपुडा_रंधा
चोपडावाल्या दादांच्या शेवटच्या परिच्छेदाला शंभर टक्के दुजोरा. आमच्या दुकानात नियमच आहे, एक फुटाच्या आतला तुकडा हाताचा.

दारांचं सांगतो. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. मेमध्ये आपली हवा कोरडी ठणठणीत, जुलै-ऑगस्टमध्ये ओली. फळीतला ओलावा सात टक्क्यांवरून तेरावर गेला तर एक फूट रुंदीची सपाट चिरलेली सागाची फळी सुमारे ३ मिमी फुगते, म्हणजे एक सूत. मेमध्ये दार करत असाल तर चौकटीच्या खाचेत फळीला एका बाजूला एक सूत मोकळी जागा सोडा. पावसाळ्यात करत असाल तर फळी जवळपास पूर्ण बसवा, ती उन्हाळ्यात आटणारच आहे, म्हणून खाच खोल ठेवा, म्हणजे आटल्यावरही फट दिसत नाही. फळी खाचेत मोकळीच, फेविकॉलचा थेंबही नको. पॉलिश मात्र जोडण्याआधी फळीच्या कडांना मारून घ्या, नाहीतर उन्हाळ्यात फळी आटली की कडेला पांढरी रेघ उघडी पडते.

वायरमन_धुळे
एक राहिलं. संगमरवर कापायच्या कटरला किंवा चार इंची ग्राइंडरला लाकडाचं दातेरी ब्लेड लावून फिरवणारे गावोगाव दिसतात. ग्राइंडर मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे घेतो. त्याला लाकूड कापायचा गार्ड नाही, मागे पट्टी नाही, आणि झटका बसला की तो मांडीवर नाहीतर गळ्यावर येतो. भाच्याच्या हाती तो कधीच देऊ नका.

परिचारिका_नंदुरबार
विम्याचंही बघा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे, अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात. एका हाताचा, पायाचा किंवा डोळ्याचा उपयोग पूर्ण गेला तर १ लाख. एक-दोन बोटं गेली तर त्यात काही मिळत नाही, त्यामुळे वेगळी अपघात पॉलिसी घेताना बोटांचा उल्लेख आहे का ते वाचून घ्या.

सागवान_चोपडा
पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार हा अठरा व्यवसायांपैकी एक आहे. प्रशिक्षणाला रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांचं व्हाउचर. माझं मत विचाराल तर त्यातून चांगल्या पटाश्या आणि क्लॅम्प घ्या, दुसरं मशीन नको.

गिरणाथडी
सगळ्यांचे मनापासून आभार. फॅब्रिकेशनवाल्याकडे पट्टी टाकली आहे. ठोकळा गोल निघाला, ते बरं झालं. आता शेवटचा प्रश्न. मोटर २८८० आरपीएमची, मोटरची पुली ५ इंची, शाफ्टची ३ इंची. ब्लेडवर कमाल ४५०० छापलंय. चालेल का?

वायरमन_धुळे
नाही चालणार. २८८० ला ५ ने गुणा, ३ ने भागा, ४८०० येतात. ब्लेडच्या मर्यादेपेक्षा तीनशे जास्त. १२ इंची ब्लेडचे दात त्या वेगाला ताशी २७० किमीच्या आसपास पळतात, एखादा सुटला तर पत्रा फोडून जाईल. मोटरवर ४ इंची पुली टाका, ३८४० होतील. फाडायला भरपूर आहेत, रंधाही नीट चालतो, लाकूड थोडं सावकाश ढकला म्हणजे झालं. पुली लहान झाली की बेल्ट ढिला पडेल. मोटरच्या पायांच्या खाचांत मोटर मागे सरकते का ते आधी बघा. सरकत नसेल तर एक नंबर लहान बेल्ट घ्या, आणि बेल्टवर जाळी बसवल्याशिवाय सुरू करू नका.